वर्षभराचा कादंबरी-संकल्प: बावन्न पुस्तके की सहा जोड्या?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमचे वय ३६ आहे, नोकरी आणि घर सांभाळून तुम्ही आजवर मुख्यतः ऐतिहासिक कादंबऱ्या आणि रहस्यकथा वाचल्या आहेत, आणि आता आपले वाचन एकाच वर्तुळात फिरते आहे असे तुम्हांला वाटू लागले आहे. म्हणून येत्या जानेवारीपासून ५२ आठवड्यांत ५२ कथा-कादंबऱ्या वाचाव्यात, त्यांत जास्तीत जास्त देश यावेत आणि आपली दृष्टी रुंदावावी असा तुमचा विचार आहे. असे दोन संकल्प यापूर्वी मार्चच्या आसपास गळून पडले, हेही तुम्ही मोकळेपणाने लिहिले आहे. तुम्ही ५२ पुस्तकांची यादी मागितली आहे. मी ती देणार नाही. का देणार नाही आणि तिच्याऐवजी काय सुचवते, ते सविस्तर सांगते.

मी तालुक्याच्या एका गावात सार्वजनिक ग्रंथालयात २६ वर्षे ग्रंथपाल म्हणून काम करते आहे. त्यांपैकी १४ वर्षे आमच्या ग्रंथालयात वाचकांचे एक मंडळ चालते. त्यात शिक्षक आहेत, निवृत्त कर्मचारी आहेत, दोन शेतकरी आहेत, शिवणकाम करणाऱ्या एक बाई आहेत आणि महाविद्यालयातली मुलेही येतात. दर जानेवारीत आम्ही वर्षाचा वाचनसंकल्प ठरवतो. पुढे जे लिहिते आहे ते या मंडळात आणि देवघेवीच्या टेबलाशी जे पाहिले त्यावर आधारलेले आहे.

पहिली गोष्ट अशी की तुमच्या संकल्पात दोन वेगळ्या इच्छा एकमेकींना बांधल्या गेल्या आहेत. एक इच्छा अधिक वाचण्याची आहे आणि दुसरी निराळे वाचण्याची. दोन्ही चांगल्या आहेत, परंतु त्या एकमेकींच्या वाटेत येतात. हिशेब करून पाहा. मराठी कादंबरी सरासरी २२० पानांची धरली तर ५२ पुस्तकांची ११,४४० पाने होतात, म्हणजे एकही दिवस न चुकता रोज ३१ पाने. सवयीच्या प्रमाण मराठीत सामान्य वाचक तासाला साधारण ३० पाने वाचतो असा माझा अनुभव आहे, म्हणजे तुम्हांला वर्षभर रोज एक तास लागेल. एखाद्या आठवड्यात घरात आजारपण आले, कचेरीत वर्षअखेरीचे काम आले, की पुढच्या आठवड्यावर दोन पुस्तके चढतात. असा थकलेला वाचक काय करतो, हे आमच्या देवघेवीच्या नोंदवहीत स्पष्ट दिसते: तो पातळ पुस्तके शोधतो, ओळखीचा लेखक शोधतो, चटकन संपेल ते नेतो. म्हणजे संख्या सांभाळण्यासाठी तो नेमके त्याच वर्तुळात परत येतो ज्यातून त्याला बाहेर पडायचे होते. तुमचा संकल्प मार्चमध्ये सुटला यात तुमच्या निश्चयाची उणीव मला दिसत नाही; मार्च हा हिशेबाच्या कामाचा महिना असतो आणि तोवर थकबाकी साचलेली असते.

दुसरी गोष्ट देशांची. २०१२ साली ॲन मॉर्गन या इंग्रज लेखिकेने जगातल्या प्रत्येक देशाचे एक पुस्तक एका वर्षात वाचायचे ठरवले आणि ते पूर्णही केले. तो आठवड्याला जवळजवळ चार पुस्तकांचा वेग होता, आणि साओ टोमे अँड प्रिन्सिपे या छोट्या देशाचे पुस्तक इंग्रजीत नव्हते म्हणून स्वयंसेवकांनी ते तिच्यासाठी अनुवादित केले. त्या खटाटोपाविषयी मला मनापासून आदर आहे. त्याच धर्तीवर आमच्या मंडळानेही एका वर्षी २४ देशांची २४ पुस्तके घेतली. वर्षाच्या शेवटी आम्ही एकत्र बसून प्रत्येकाला काय आठवते ते सांगायला लावले, आणि जवळपास सर्वांची उत्तरे एकसारखी आली: "तिकडे फार गरिबी आहे", "तिकडे युद्धामुळे लोकांचे हाल झाले", "तिकडेही आई ही आईच असते". ज्या समजुती घेऊन आम्ही त्या पुस्तकांपाशी गेलो होतो त्याच समजुती अधिक पक्क्या करून आम्ही परत आलो होतो. एका देशाचे एकच पुस्तक वाचले की ते पुस्तक म्हणजे तो देश होऊन बसतो. त्याला अडवणारे, "हे असे नव्हते" असे म्हणणारे दुसरे कोणी वाचकाच्या मनात नसते.

त्या वर्षानंतर आम्ही पद्धत बदलली आणि तीच मी तुम्हांला सुचवते. वर्षात १२ पुस्तके घ्यावीत, परंतु ती सुटी न घेता जोडीने घ्यावीत. एकाच प्रदेशाकडे, एकाच घटनेकडे किंवा एकाच तऱ्हेच्या आयुष्याकडे दोन वेगळ्या ठिकाणांहून पाहणाऱ्या दोन कादंबऱ्या लागोपाठ वाचाव्यात. पहिली वाचताना आपण लेखकावर विश्वास टाकतो. दुसरी वाचताना तो विश्वास हलतो, पहिल्या पुस्तकात कोण बोलले नव्हते ते कळते, आणि आपण ते गप्प राहणे सहज स्वीकारले होते हेही कळते. दृष्टी रुंदावते ती या दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी, असे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. बारा पुस्तकांची २,६४० पाने होतात, म्हणजे रोज साधारण सात. बोलीभाषेतल्या कादंबरीला दुप्पट वेळ लागतो, आजारपण येते, मधले आठवडे कोरडे जातात. हे सारे या हिशेबात सामावते.

यात बरेचसे तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. हिंदी तुम्ही सहज वाचता का, इंग्रजी कादंबरी वाचण्याची सवय आहे का, जवळचे ग्रंथालय कसे आहे, हे मला माहीत नाही. तुम्ही विदर्भातल्या असाल तर वऱ्हाडी तुमच्यासाठी घरची भाषा असेल आणि माझी पहिली जोडी तुम्हांला मुळीच परकी वाटणार नाही. मग तुमची सुरुवात कोकणापासून व्हायला हवी. घरात नुकतेच कोणी गेले असेल, तर फाळणीची जोडी यंदा बाजूला ठेवावी. म्हणून पुढच्या जोड्या आदेश म्हणून न घेता नमुना म्हणून घ्याव्यात आणि त्यांमागचे कारण लक्षात ठेवून बदलाव्यात.

पहिली जोडी मी घराजवळची देते, आणि त्यावर आमच्या मंडळात दरवेळी आक्षेप येतो. क्षितिज रुंदावायचे तर दूर जायला हवे, असे लोकांना वाटते. परंतु दूरच्या माणसाविषयी आपल्याला ठाम मते नसतात, त्यामुळे पुस्तकाला मोडण्यासारखे आपल्यापाशी काही नसते. शेजारच्या जिल्ह्यातल्या, शेजारच्या आळीतल्या माणसाविषयी मात्र आपल्या समजुती पक्क्या असतात. म्हणून उद्धव शेळके यांची 'धग' (१९६०) आणि रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' (१९७१) या दोन कादंबऱ्यांपासून सुरुवात करावी. एक विदर्भातली आहे, दुसरी मराठवाड्यातली. दोन्हींतली कुटुंबे शिंप्यांची आहेत, आणि दोन्हींत संसार ओढणारी बाई मध्यभागी आहे: 'धग'मध्ये कौतिक आणि 'पाचोळा'मध्ये गंगारामची बायको पारबती. ग्रामीण कादंबरी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर शेतकरी येतो. गावात राहून शेतीवर न जगणारी, कारागिरीवर जगणारी घरे आपल्या कल्पनेत नसतात. ही पहिली समजूत इथे मोडते. दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. 'पाचोळा'ची कथा पारबती स्वतः सांगते, तर 'धग'मध्ये कौतिकची कथा लेखक सांगतो आणि तिचे बोलणे वऱ्हाडीत येते. आमच्या मंडळातल्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी या दोन्ही कादंबऱ्या वाचल्यावर सांगितले की कौतिकविषयी त्यांना कळवळा वाटला, आणि पारबतीविषयी मात्र राग आला, कारण ती त्यांना सगळे सांगत होती आणि तरी काही ठिकाणी चुकत होती. एखाद्याचे दुःख बाहेरून पाहणे आणि त्याच्याच तोंडून त्याची बाजू ऐकणे यांत काय फरक पडतो, हे मला व्याख्यान देऊन इतके नेमके सांगता आले नसते.

बोलीविषयी इथेच सांगते, कारण बहुतेक वाचक याच ठिकाणी थांबतात. पहिली वीस पाने मोठ्याने वाचावीत. डोळ्यांना अनोळखी दिसणारा शब्द कानाला बऱ्याच वेळा ओळखीचा लागतो. शब्दार्थ शोधण्यासाठी दर ओळीला थांबू नये. संदर्भाने जो अर्थ लागतो त्यावर पुढे जावे आणि खरोखर अडलेले शब्द वहीत उतरवून ठेवावेत. तीस-चाळीस पानांनंतर गती येते. आमच्याकडे 'धग' वाचली गेली तेव्हा अमरावतीकडच्या एक सदस्या पहिले प्रकरण सर्वांना वाचून दाखवत असत, आणि ज्यांनी पुस्तक "कठीण आहे" म्हणून परत केले होते त्यांनी ते पुन्हा नेले. तुमच्या कचेरीत विदर्भातले कोणी असेल तर त्यांच्याकडून चार पाने ऐकावीत. त्या निमित्ताने त्यांच्याशी जे बोलणे होईल तेही या संकल्पाचाच भाग आहे.

दुसरी जोडी कोकणाची आहे आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते. श्री. ना. पेंडसे यांची 'गारंबीचा बापू' (१९५२) पुष्कळांनी वाचलेली किंवा निदान ऐकलेली असते. गावाच्या रूढींना न जुमानणारा बापू, राधा, पोफळीच्या बागा, गावकीतले मान-अपमान. तुम्हांला ती आवडेल यात मला शंका नाही. ती मिटल्यावर आठवडाभर थांबावे आणि मग हमीद दलवाई यांची 'इंधन' (१९६५) हाती घ्यावी. दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. पुढे १९७० साली त्यांनी मुस्लिम समाजातल्या सुधारणेसाठी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले आणि त्या कामामुळे त्यांचे कथालेखन पुष्कळांच्या नजरेआड झाले. 'इंधन'चा निवेदक बऱ्याच वर्षांनी मुंबईहून आपल्या कोकणातल्या गावी परततो आणि गावातले मुसलमान, सवर्ण हिंदू आणि दलित यांचे वर्षानुवर्षांचे संबंध कसे पेट घेतात ते पाहतो. तोच समुद्र आहे, तीच लाल माती आहे. परंतु पहिली कादंबरी वाचताना "गाव" या शब्दाने आपल्या मनात कोण कोण आले होते आणि कोण आलेच नव्हते, हे 'इंधन' वाचताना लख्ख कळते. पेंडशांची कादंबरी यामुळे लहान होते असे मी म्हणत नाही; मी ती आजही आनंदाने वाचते. लेखकाने स्वतःला जे ठाऊक होते ते लिहिले. अपुरेपणा आपल्यात असतो, कारण आपण तेवढ्यालाच कोकण समजतो. आमच्या मंडळात रत्नागिरी जिल्ह्यातले एक निवृत्त शिक्षक होते. 'इंधन' वाचून झाल्यावर ते त्या बैठकीत काहीच बोलले नाहीत, आणि पुढच्या महिन्यात त्यांनी त्यांच्या गावातल्या मोहल्ल्याविषयी, जिथे ते लहानपणी रोज जात असत आणि नंतर कधीच गेले नाहीत, अर्धा तास सांगितले.

तिसऱ्या जोडीविषयी थोडक्यात सांगते. धरणामुळे उठलेल्या गावांवरच्या दोन कादंबऱ्या, विश्वास पाटील यांची 'झाडाझडती' आणि कृष्णात खोत यांची 'रिंगाण', एकामागून एक वाचाव्यात. दोन्हींना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आहे, पहिलीला १९९२ साली आणि दुसरीला २०२३ साली. पहिलीचा पट मोठा आहे आणि तीत शासनयंत्रणा आतून दिसते. दुसरी मागे सुटलेल्या म्हशीच्या शोधात निघते आणि विस्थापन माणसाच्या व जनावराच्या अंगात कसे मुरते ते दाखवते. तीस वर्षांच्या अंतराने प्रश्न तोच राहिला आहे, एवढे कळण्यासाठीही ही जोडी पुरेशी आहे.

यानंतर भाषेची वेस ओलांडावी. साने गुरुजींनी आंतरभारतीची कल्पना मांडली तेव्हा प्रांतांनी एकमेकांच्या भाषा आणि साहित्य आपलेसे करावे हा तिचा गाभा होता. मराठी वाचकाच्या हाती यासाठी एक सोय आधीच आहे: हिंदी आणि गोव्यात लिहिली जाणारी कोंकणी या दोन्ही देवनागरीत असल्याने त्या मुळातून वाचता येतात. चौथी जोडी फाळणीची: तिच्यासाठी भीष्म साहनी यांची 'तमस' आणि राही मासूम रजा यांची 'आधा गाँव' (१९६६) घ्यावी. साहनी रावळपिंडीचे होते आणि १९४७च्या सुमाराचे दंगे त्यांनी स्वतः पाहिले होते. पण ते लिहायला त्यांना आपल्या महाराष्ट्रातले गाव कारण झाले. १९७०च्या दंगलीनंतर त्यांनी भिवंडी पाहिली आणि तिथल्या उद्ध्वस्त गल्ल्यांमुळे रावळपिंडीच्या आठवणी वर आल्या, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. 'तमस' दंगल कशी घडवली जाते ते दाखवते. 'आधा गाँव' गाझीपूर जिल्ह्यातल्या गंगौली या गावातच राहते. तिथल्या शिया मुसलमान घरांना पाकिस्तान म्हणजे काय हेच नीट उमगत नाही, त्यांची निष्ठा गंगौलीशी आणि तिथल्या मोहरमशी असते, आणि तरी फाळणी त्यांच्या घरात शिरून गाव अर्धे करून जाते. तीत भोजपुरी वळणाची बोली आणि शिव्या पुष्कळ आहेत. त्यांमुळे पुस्तक बाजूला ठेवू नये, एवढी विनंती.

पाचवी जोडी किनाऱ्याची आहे. तकळी शिवशंकर पिळ्ळै यांच्या 'चेम्मीन' (१९५६) या मलयाळम कादंबरीत कोळ्यांची अशी श्रद्धा आहे की किनाऱ्यावरची बायको शीलाने राहिली तरच समुद्रात गेलेला नवरा सुखरूप परततो. ही कादंबरी मराठी, हिंदी किंवा इंग्रजी अशा मिळेल त्या अनुवादात वाचावी. तिच्यानंतर दामोदर मावजो यांची 'कार्मेलीन' वाचावी, जिला १९८३ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. इथे गोव्यातली बाई स्वतःच समुद्रापलीकडे, कुवेतला, घरकामासाठी जाते. एका कादंबरीत बाईने किनाऱ्यावर थांबण्यावर सगळ्यांचे जगणे टांगलेले आहे आणि दुसरीत तिच्या जाण्यावर. कोंकणी वाचायला धाकधूक वाटेल, परंतु पहिल्या दहा पानांनंतर मराठी वाचकाला ती पुरेशी समजते, विशेषतः मालवणी कानावर पडलेली असेल तर.

परदेशासाठी मी एकच जोडी सुचवते, आणि जोडी म्हणजे काय हे कळण्यासाठी तिच्याइतके स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. आल्बेर कामू या फ्रेंच लेखकाचा जन्म अल्जीरियातला. त्याच्या १९४२ सालच्या 'द आउटसायडर' या कादंबरीचा नायक मेर्सो समुद्रकिनाऱ्यावर एका अरबाला गोळ्या घालतो. कादंबरी मेर्सोच्या मनाविषयी आहे, त्याच्या खटल्याविषयी आहे; मेलेल्या माणसाला तीत नावसुद्धा नाही. मी ती विशीत वाचली, भारावून वाचली, आणि त्या माणसाचे नाव काय असेल हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. २०१३ साली कामेल दाऊद या अल्जीरियन लेखकाने 'द मेर्सो इन्व्हेस्टिगेशन' लिहिली. तिचे पहिलेच वाक्य कामूच्या पहिल्या वाक्याला उत्तर देते. मारल्या गेलेल्या माणसाचा धाकटा भाऊ हारून म्हातारपणी ओरानच्या एका बारमध्ये बसून आपल्या भावाची गोष्ट सांगतो, आणि त्या भावाला नाव मिळते: मुसा. दोन्ही कादंबऱ्या लहान आहेत, दोन्हींचे सोपे इंग्रजी अनुवाद मिळतात. इंग्रजी वाचनाची सवय नसेल तर ही जोडी घाईने घेऊ नये. तिच्या जागी बंगाली किंवा कन्नड कादंबऱ्यांची, मराठीत आलेली एखादी जोडी स्वतः शोधावी. शोधताना एवढेच पाहावे की दुसऱ्या पुस्तकाने पहिल्याला काही प्रश्न विचारला पाहिजे.

आता वहीविषयी. प्रत्येक जोडी सुरू करण्याआधी त्या प्रदेशाविषयी किंवा त्या माणसांविषयी तुम्हांला आत्ता जे वाटते ते दहा ओळींत लिहून ठेवावे, अगदी प्रामाणिकपणे, कारण ते दुसऱ्या कोणाला दाखवायचे नाही. मग पहिले पुस्तक वाचून झाल्यावर ही गोष्ट कोण सांगते आहे आणि तिच्यात कोणाचा आवाज ऐकू आला नाही, एवढे टिपावे. दुसरे वाचून झाल्यावर आधीच्या दहा ओळी परत वाचाव्यात. त्यांतली एखादी ओळ खोडावीशी वाटली तर खोडावी आणि तारीख घालावी. आमच्या मंडळात वर्षाअखेरी आम्ही वाचलेली पुस्तके मोजत नाही, खोडलेल्या ओळी मोजतो. कथानकाचे सार लिहिण्यात वेळ घालवू नये. ते कुठेही मिळते.

पुस्तक अर्धवट सोडावे का, हेही तुम्ही विचारले आहे. सोडावे, पण आधी कारण ओळखावे. पुस्तक कंटाळवाणे वाटणे निराळे आणि अस्वस्थ करणारे वाटणे निराळे, आणि वाचक या दोहोंना बहुधा एकाच शब्दाने सांगतो: "जमत नाही." मी विचारते की कोणत्या पानावर थांबलात. कंटाळलेल्या माणसाला पान आठवत नाही. अस्वस्थ झालेला माणूस पान, प्रसंग, कधीकधी वाक्यसुद्धा सांगतो, आणि बोलता बोलता पुस्तक परत घेऊन जातो. तुम्हीही स्वतःला हेच विचारावे. कंटाळा असेल तर साठ पानांनंतर निःसंकोच सोडावे आणि त्या जोडीत दुसरे पुस्तक घ्यावे.

पुस्तके मिळवण्याचा प्रश्न खरा आहे, कारण यांतली काही सहज मिळत नाहीत. राज्यातल्या सार्वजनिक ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. तुमच्या जवळचे ग्रंथालय लहान असेल तर तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या अ वर्ग ग्रंथालयाचे सभासद व्हावे. तिथली वर्गणी आणि अनामत मिळूनही बारा नव्या पुस्तकांच्या किमतीपेक्षा पुष्कळ कमी असते. ग्रंथपालाला डिसेंबरातच पूर्ण यादी द्यावी. आम्हांला आधी कळले तर पुस्तक बाजूला काढून ठेवता येते किंवा पुढच्या खरेदीत घालता येते. भारतीय भाषांतल्या अनुवादांसाठी साहित्य अकादमीची पुस्तके आणि नॅशनल बुक ट्रस्टची 'आदान-प्रदान' मालिका पाहावी. एका भारतीय भाषेतले साहित्य दुसऱ्या भाषांत नेणे हाच त्या मालिकेचा हेतू आहे. अनुवाद घेताना अनुवादकाचे नाव आणि तो कोणत्या भाषेतून झाला आहे हे जरूर पाहावे. उमा कुलकर्णी यांच्यासारख्या अनुवादकांनी कन्नडमधून थेट मराठीत आणलेली पुस्तके आणि इंग्रजीवरून केलेले अनुवाद यांत वाक्याच्या चालीतच फरक जाणवतो.

'बलुतं' किंवा 'उचल्या' यांसारखी आत्मकथने या संकल्पात धरावीत का, असा तुमचा एक उपप्रश्न आहे. ती अवश्य वाचावीत, परंतु या बारांत धरू नयेत. आत्मकथन वाचताना आपण साक्ष ऐकत असतो आणि तिच्यापुढे नम्र असतो. कादंबरीत मात्र आपल्याला एका कल्पित माणसाच्या जागी उभे राहून त्याच्या चुका, त्याचा स्वार्थ, त्याचा भित्रेपणा आपलासा करावा लागतो, आणि त्याच्याशी भांडताही येते. हे दोन वेगळे अनुभव आहेत. त्यांची सरमिसळ केली तर दोन्हींवर अन्याय होतो.

कादंबऱ्या वाचून माणूस खरेच अधिक समजूतदार होतो का, अशी शंका तुम्ही शेवटी घेतली आहे. २०१३ साली डेव्हिड किड आणि इमॅन्युएल कास्तानो यांचा एक अभ्यास 'सायन्स' या नियतकालिकात आला. साहित्यिक कथांचे उतारे वाचल्यावर लोकांना छायाचित्रातल्या केवळ डोळ्यांवरून भावना अधिक अचूक ओळखता येतात, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याचा मोठा गाजावाजा झाला. २०१६ साली मात्र दुसऱ्या संशोधकांनी तोच प्रयोग अधिक लोकांवर करून पाहिला तेव्हा तसा परिणाम आढळला नाही. म्हणून "वाचा म्हणजे चांगले व्हाल" असे आश्वासन मी कोणाला देत नाही. आमच्या मंडळात मला एवढे दिसले आहे की जोडीने वाचणारा माणूस काही वर्षांनी "ते लोक असेच असतात" हे वाक्य उच्चारताना मध्येच थांबतो. मला तेवढे पुरेसे वाटते, आणि त्यासाठी मी हे काम करते.

वेळापत्रक सोपे ठेवावे. एका जोडीला दोन महिने द्यावेत. मार्च तुमच्या कामाचा महिना असल्याने कोकणाची जोडी मार्च-एप्रिलमध्ये घ्यावी. ती तुलनेने ओघवती आहे. 'तमस' आणि 'आधा गाँव' पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये ठेवाव्यात. कामूची जोडी नोव्हेंबरातच संपेल, कारण दोन्ही पुस्तके मिळून मोठ्या एका कादंबरीएवढी होत नाहीत. डिसेंबर असा मोकळा राहतो. त्या महिन्यात तेरावे पुस्तक घेऊ नये. जानेवारीत वाचलेली 'धग' पुन्हा काढावी, पहिली वीस पाने पुन्हा मोठ्याने वाचावीत, आणि वहीतल्या त्या पहिल्या दहा ओळी शेजारी ठेवाव्यात.